प्रवासी फणस

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आपल्याकडे एकदा तरी अननसाचा शिरा होतोच. मोदक पहिल्या दिवशी, खिरापत रोजची, आणि शिरा बहुधा सत्यनारायणाच्या पूजेला. प्रसादाचा द्रोण हातात घेताना कोणाच्या मनातही येत नाही, की या फळाचे नावसुद्धा आपले नाही. 'अननस' हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांच्या 'नाना' किंवा 'नानास' या शब्दावरून पोर्तुगीजांनी उचलला आणि गोव्याच्या वाटेने तो मराठीत आला. फळही त्याच वाटेने आले. गोव्यात आणि कोकणात ते रुजले यात नवल नाही, तिथली हवा त्याच्या माहेरासारखीच. नवल आहे ते पुढचे. बारा महिने ऊब आणि दमट हवा मागणारे हे झाड थंडीच्या मुलखात कोणी नेले, कसे जगवले, आणि त्याचे श्रेय कोणाच्या पदरात पडले?

आम्ही नोकरीला उद्यान खात्यात, त्यातही ग्वाल्हेरसारख्या गावी. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जानेवारीत दोन-तीन अंशांवर येतो. एखाद्या रात्री त्याहूनही खाली. त्या रात्री पाला पडला की सकाळी पपईची पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबताना दिसतात. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे गाव झाले. तेव्हापासून इथल्या प्रत्येक मराठी घराला कधी ना कधी अंगणात नारळ लावायची हौस येते. नारळ दोन-चार वर्षे तग धरतो, पण कोकणासारखा लगडत नाही. त्याला हिवाळ्याची थंडीही नको आणि उन्हाळ्याची लूही नको. त्यामुळे उष्ण प्रदेशातले झाड थंड प्रदेशात लावणे हा विषय आमच्यासाठी केवळ पुस्तकी नाही.

अननसाकडे जाण्यापूर्वी थोडे मागे, बाबराकडे जावे लागते. बाबर म्हटले की आपल्याला पानिपत आठवते. पण या माणसाला लढाईखालोखाल कशाचा नाद असेल तर तो बागांचा. हिंदुस्थानात आल्यावर त्याला इथे चांगली खरबुजे नाहीत, द्राक्षे नाहीत म्हणून वाईट वाटले, आणि बल्खचा माळी लावून आग्र्यात त्याने खरबुजे काढली, ही हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक असते. उलट दिशेचा त्याचा प्रयोग मात्र फारसा कोणी सांगत नाही. आजच्या अफगाणिस्तानात जलालाबादजवळ, त्या वेळच्या आदिनापूर किल्ल्यासमोर, त्याने १५०८-०९ मध्ये 'बाग-ए-वफा' नावाची बाग आखली. तिथे संत्री, महाळुंगे, डाळिंबे लावली. पुढे पंजाबात लाहोर आणि दिपालपूर जिंकले त्या वर्षी, म्हणजे १५२४ मध्ये, तिकडून केळी नेऊन या बागेत लावली. त्याच्या आदल्या वर्षी ऊस लावला होता. दोन्ही चांगली झाली असे त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. ऊस तर त्याने पुढे बुखारा आणि बदख्शानकडेही पाठवला.

केळ काबूलच्या वाटेवर जगली कशी? उत्तर बाबरानेच देऊन ठेवले आहे. बाग उंचवट्यावर होती, तिचे तोंड दक्षिणेकडे होते, आणि वाहते पाणी जवळ होते. आमच्या खात्यातला कोणताही जुना माणूस हे ऐकून मान डोलावेल. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने खाली वाहत जाते आणि खोलगट जागी साचते. म्हणून पाला आधी खळग्यातल्या शेताला मारतो, वरच्याला सोडतो. दक्षिणेकडचा उतार हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हाला समोरा असतो. आणि ओल्या जमिनीत दिवसाची ऊब कोरडीपेक्षा जास्त मुरते, रात्री ती हळूहळू बाहेर येते. पाला पडण्याचा इशारा आला की आजही आम्ही शेतकऱ्याला संध्याकाळी हलके पाणी द्यायला आणि बांधावर धूर करायला सांगतो. बाबराने थंडी हरवली नाही. थंडी जिथे कमी पोचते असा कोपरा त्याने शोधला.

अकबराच्या काळात बाबरनाम्याच्या सचित्र प्रती तयार झाल्या. त्यांतले बाग-ए-वफाचे चित्र प्रसिद्ध आहे. बाबर उभा राहून हुकूम देतो आहे, एका माणसाच्या हातात नकाशा आहे, दोघे दोरी धरून वाफे आखताहेत, एक जण फावडे चालवतो आहे. बादशहाचे नाव जगाला माहीत आहे. चित्रकार बिशनदास, त्याचेही नाव राहिले. फावडेवाल्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. हे लक्षात ठेवावे, पुढे युरोपातही असेच होणार आहे.

आता अननस. कोलंबसाच्या माणसांना हे फळ १४९३ मध्ये, दुसऱ्या सफरीत, ग्वादलूप बेटावर मिळाले. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत पोर्तुगीज जहाजांनी ते ब्राझीलकडून हिंदी महासागरात आणले. गोव्याच्या आर्चबिशपकडे १५८३ ते १५८८ या काळात कारकुनी करणाऱ्या लिन्सखोटेन नावाच्या डच माणसाने आपल्या ग्रंथात फणस, आंबा, काजू यांच्याबरोबर अननसाचेही वर्णन केले आहे. ग्रंथ हॉलंडमध्ये १५९६ मध्ये छापला गेला. गोव्यातले हे डच डोळे पुढे कामाला आले असावेत, असे आमचे मत आहे.

त्याच सुमारास अबुल फजल 'आईन-ए-अकबरी' लिहीत होता. त्याने अननसाला दुसरे नाव दिले आहे: 'कटहल-ए-सफरी', म्हणजे प्रवासी फणस. असे नाव का, तर याचे रोप भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेता येते आणि ते तिथेही फळ देते. आम्हाला हे वाक्य फार मोलाचे वाटते. आंब्याचे झाड कुंडीत घालून कोणी छावणीबरोबर फिरत नाही. अननसाची मुळे उथळ, उंची गजभर, आणि पाण्याची भूक बेताची. थंडी आली की कुंडी उचलून आडोशाला नेता येते. बाबराने झाडासाठी जागा शोधली. इथे झाडच जागा बदलू लागले.

अबुल फजलने लागवडीची रीतही बरोबर दिली आहे. फळ काढल्यावर त्याच्या डोक्यावरचा तुरा कापून जमिनीत लावायचा. एका झाडाला एकदाच फळ येते आणि तेही एकच. एवढी नेमकी माहिती दरबारात बसून मिळत नाही, ती कोणा माळ्याच्या तोंडून आलेली असणार. त्याच ग्रंथात फळांचे भाव आहेत. अननस एक नग चार दाम, आंबे शेकडा चाळीस दामांपर्यंत. चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे एका अननसाच्या पैशात दहा आंबे येत. महाग होता, पण बाजारात होता, आणि रुपयाला दहा मिळत होते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला. त्याने आपल्या आठवणींच्या अगदी सुरुवातीच्या भागात आग्र्याच्या फळांचे कौतुक करताना लिहिले आहे, की फिरंग्यांच्या बंदरांत होणारे अननस नावाचे अत्यंत सुवासिक फळ आता आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत दर वर्षी हजारोंनी येते. आग्रा आमच्या ग्वाल्हेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. हवा तीच, लू तीच, जानेवारीतले धुके आणि पालाही तोच. त्या हवेत दर वर्षी हजारो अननस काढणे म्हणजे गंमत नव्हे. आज आमच्या भागात कोणी अर्धा एकर अननस काढून दाखवला तर आम्ही त्याचा सत्कार ठेवू.

हे मुद्दाम विस्ताराने सांगितले, कारण थंड हवेत अननस पिकवण्याचा इतिहास पुस्तकांतून बहुधा हॉलंडपासून सुरू होतो. हॉलंडचा मान मोठा आहे आणि तिथली थंडी आग्र्याच्या थंडीपेक्षा कितीतरी कडक आहे, हे मान्यच. पण गुलअफशाँच्या माळ्यांनी उत्तर हिंदुस्थानच्या हिवाळ्यात हे फळ हजारोंनी काढले ते डचांच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी. ही गोष्ट सुरुवातीच्या पानावर असायला हवी. तळटीपेत नव्हे.

हॉलंडची कथा मात्र खरोखर ऐकण्यासारखी आहे. फेख्त नदीकाठी अग्नेस ब्लॉक नावाच्या श्रीमंत बाईंची बाग होती. पती रेशमाचे व्यापारी, बाईंना झाडांचे वेड. देशोदेशीची रोपे त्यांच्याकडे जहाजांनी येत. १६८७ मध्ये त्यांच्याकडे अननसाला फळ धरले, आणि युरोपात पिकलेल्या पहिल्या अननसांत त्याची गणना होते. बाईंनी पुढे आपले पदक पाडून घेतले. त्यावर अननस कोरलेला आहे, आणि निसर्ग जे नाकारतो ते कला आणि कष्ट देतात अशा अर्थाचा लॅटिन मजकूर आहे. कुटुंबाचे एक तैलचित्रही आहे, त्यातही अननस अगदी दिसेल असा ठेवलेला. कष्टांचा उल्लेख पदकावर आला, हे बरे झाले. कष्ट कोणाचे, ते पदकावर नाही.

या कष्टांचे स्वरूप काय होते? त्या काळी काचघरे होती, पण काच सूर्य असेल तेव्हा ऊब देते. हॉलंड-इंग्लंडच्या हिवाळ्यात दिवस सात-आठ तासांचा आणि सूर्य ढगाआड. शेगडी पेटवून हवा तापवता येई, पण धुराने झाडे मरत आणि मुळे थंडच राहत. अननसाला बुडाशी ऊब लागते. ही अडचण ज्या वस्तूने सोडवली ती बागेतली नव्हतीच. चामडे कमावणारे लोक ओक झाडाची साल कुटून पाण्यात घालत आणि तिच्यात कातडी मुरवत. काम झाल्यावर उरलेला ओला चोथा फेकून दिला जाई. डच माळ्यांच्या लक्षात आले, की हा चोथा खड्ड्यात भरला की हळूहळू कुजतो आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब दोन-तीन महिने धरून ठेवतो. घोड्याची लीद लवकर तापते आणि लवकर निवते, कधी इतकी तापते की मुळे भाजतात. चोथा संथ तापतो. ऊब कमी झाली की फावड्याने खालीवर करायचा, नवा चोथा घालायचा, पुन्हा दोन महिने निभावले. विटांचा चार-पाच फूट खोल खड्डा, त्यात चोथा, चोथ्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या कुंड्या, वर काचेचे झाकण. कुंडी इथेही कामाला आलीच.

ही युक्ती इंग्लंडमध्ये नेली मॅथ्यू डेकर या मूळच्या डच व्यापाऱ्याने. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक, लंडनजवळ रिचमंडला त्यांची बाग. तिथे अननस पिकला याची आठवण म्हणून १७२० मध्ये एक चित्र काढवले गेले, ते आज केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. त्यावरच्या लॅटिन मजकुरात पैसे खर्च करणाऱ्या डेकरचे नाव आहे, चित्र काढणाऱ्या नेट्शरचे नाव आहे, एवढेच काय, मजकूर ज्याने कोरवला त्याचेही नाव आहे. अननस ज्याने पिकवला त्याचे नाव नाही. ते आपल्याला कळते ते रिचर्ड ब्रॅडली या लेखकामुळे. त्याने १७२१ मध्ये ही पद्धत छापली तेव्हा डेकरच्या माळ्याचे नाव आठवणीने लिहिले: हेन्री टेलेंड. ब्रॅडली स्वतः बागेत जाऊन खड्ड्याची मापे घेणारा माणूस होता, म्हणून त्याला माळी दिसला असावा.

त्यानंतर शंभर वर्षे इंग्लंडच्या सरदारांना अननसाचे वेड लागले. फळ यायला दोन-तीन वर्षे, तोवर रात्रंदिवस राखण. रात्री शेगडीवर पाळीने पोरे ठेवलेली असत. झोप लागून आग विझली तर दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत जाई. त्यात पिठ्या ढेकूण. आजही आम्ही ज्याच्यावर फवारण्या सुचवतो तोच हा किडा. तेव्हाचे माळी तंबाखूचे पाणी आणि धूर वापरत. एकेका फळामागे साठ-ऐंशी पौंड खर्च पडे असे हिशेब सांगितले जातात. इतके महाग फळ खायचे कोणी? मेजवानीत ते मधोमध शोभेला ठेवत आणि पुढच्या मेजवानीला तेच पुन्हा. ज्यांना विकत परवडत नसे ते एका संध्याकाळपुरते भाड्याने आणत. अकबराच्या आग्र्यात रुपयाला दहा मिळणारे फळ लंडनमध्ये भाड्याने मिळत होते!

स्कॉटलंडमध्ये डनमोरच्या सरदाराने तर १७६१ च्या बागघरावर पुढे सुमारे ४५ फूट उंचीचा दगडी अननसच बांधून घेतला. बागेच्या भिंती पोकळ, त्यांतून गरम हवा खेळवायची. दगडाची पाने अशी घडवली आहेत, की प्रत्येक पानावरचे पाणी निथळून जाते. साचून गोठले असते तर दगड फुटला असता. बांधणाऱ्यांना थंडी चांगली ओळखता येत होती. या इमारतीच्या शिल्पकाराचेही नाव नोंदलेले नाही, हे आता ओघाने आलेच.

वाफेची जहाजे आली आणि हे सगळे वैभव ओसरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या रस्त्यांवर वेस्ट इंडिजचा अननस फोडी करून विकला जाऊ लागला. पण एका ठिकाणी काचघरातला अननस टिकला, तो पोर्तुगीजांच्या अझोर्स बेटांपैकी साओ मिगेलवर. तिथे पूर्वी संत्र्यांचा मोठा व्यापार होता, रोगाने बागा गेल्या, तेव्हा लोकांनी काचघरे बांधून अननस धरला. शेगडी नाही; खाली पालापाचोळ्याचा थर कुजत ठेवायचा आणि वर काचेला चुना मारायचा. आजही ती काचघरे चालू आहेत. त्याच बेटावर एक शोध लागला. काचघरात पालापाचोळा जाळून धूर कोंडला की सगळ्या झाडांना एकदम फुलोरा येतो. धुरात इथिलीन वायू असतो, त्याचा हा गुण, हे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितले. आज केरळात, गोव्यात अननसाला एकसारखा बहर यावा म्हणून शेतकरी इथ्रेल देतात, त्याचे मूळ या धुरात आहे.

आणखी एक ठिकाण सांगायचे आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात हेलिगन नावाची जुनी जहागीर आहे. तिथे अननसाचा खड्डा होता, तो घोड्याच्या लिदीवर चाले. मधल्या खंदकात फळे, दोन्ही बाजूंच्या खंदकांत लीद, आणि मधल्या भिंतीच्या विटांत ऊब जायला भोके. १९१४ चे महायुद्ध आले आणि बागेतले बरेच माळी सैन्यात गेले. त्यांतले अनेक परत आले नाहीत. बाग रानात बुडाली. १९९० नंतर झाडोरा तोडून ती पुन्हा उभी केली गेली, तेव्हा माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या सह्या सापडल्या: माळ्यांची नावे आणि खाली ऑगस्ट १९१४. पदकावर नाही, चित्रावर नाही, तर तिथे. नव्या माळ्यांनी जुन्या पद्धतीनेच लीद भरून खड्डा चालू केला आणि १९९७ मध्ये पहिले फळ निघाले. मजुरी धरली तर एका फळाची किंमत हजार पौंडांच्या पुढे जाते असे सांगतात. आम्ही पंधरा दिवसांनी लीद बदलणाऱ्या हातांचा विचार करतो आणि तो आकडा आम्हाला जास्त वाटत नाही.

आता थोडे कामाचे. यंदा प्रसादाच्या शिऱ्यासाठी अननस आणाल तेव्हा तुरा फेकू नका. फळ धरून तुरा पिळला की तो देठासह निघतो. चिकटलेला गर काढून टाका, नाहीतर कुजतो. खालची बोटभर पाने सोला, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. आठ-दहा इंची कुंडीत निम्मी माती, निम्मी वाळू आणि कुजलेले शेणखत घेऊन तुरा लावा. पाणी बेताने, ऊन भरपूर. मे-जूनमध्ये मात्र दुपारचे ऊन चुकवा. डिसेंबर लागला की कुंडी रात्री व्हरांड्यात किंवा दक्षिणेकडच्या खिडकीत आणा आणि पाणी आणखी कमी करा. पारा पंधराच्या खाली गेला की झाड वाढायचे थांबते, घाबरू नका. तुऱ्यापासून फळ यायला आमच्या हवेत अडीच-तीन वर्षे लागतात. एवढ्या काळानंतरही फुलोरा आला नाही तर कुंडीजवळ दोन पिकलेली सफरचंदे ठेवून सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर सावलीत झाका. सफरचंदातूनही तोच वायू निघतो. फळ काढल्यावर मूळ झाड हळूहळू वाळेल, पण त्याच्या बुडाशी फुटवे आलेले असतील. ते काढून लावा, त्यांना फळ तुऱ्यापेक्षा लवकर येते. जास्तीचे फुटवे शेजारी वाटायला हरकत नाही. मंडळाच्या कार्यालयात आणून दिलेत तरी चालेल, पुढच्या वर्षीच्या देणगीदारांना देऊ.